टेक्स्ट फाइलमधले बाजारभाव पायथनमध्ये कसे वाचायचे: नवशिक्यांसाठी, एकही ओळ न हरवता

बाजार समितीतून उतरवून घेतलेले भाव, सोसायटीच्या देखभाल खर्चाचा हिशेब, पाऊसमापकाच्या रोजच्या नोंदी. माणसं आपल्या सोयीने टेक्स्ट फाइलमध्ये माहिती लिहायला लागली की बहुतेक वेळा एकच पद्धत धरतात: डावीकडे नाव, मध्ये कोलन, उजवीकडे माहिती. यालाच की-व्हॅल्यू फाइल म्हणतात. ईमेलच्या वरच्या ओळी (प्रेषक, विषय, तारीख) याच पद्धतीने लिहिल्या जातात; १९८२ सालच्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजात त्याचे नियम आहेत. डेबियन लिनक्समध्ये प्रत्येक पॅकेजची माहिती आजही अशीच साठवतात, आणि दोन नोंदींच्या मध्ये एक रिकामी ओळ सोडतात.

अशी फाइल पायथनमध्ये वाचून तिची डिक्शनरी (प्रत्येक नावाशी त्याची माहिती जोडून ठेवणारी पायथनची रचना) कशी करायची, ते इथे पायरी-पायरीने बघू. सुरुवातीलाच एक आग्रह सांगून ठेवतो. फाइलमधली प्रत्येक ओळ एकतर नोंदीत गेली पाहिजे, किंवा आपण ठरवून सोडलेली असली पाहिजे, नाहीतर चुकांच्या यादीत तिच्या क्रमांकासह दिसली पाहिजे. गुपचूप गळालेली ओळ सगळ्यात महागात पडते, कारण ती गळाली हे कुणाला कळतच नाही.

लेखात पायथनचे शब्द देवनागरीत लिहिले आहेत. फॉर, इफ, स्ट्रिप, पार्टिशन हे शब्द संगणकावर इंग्रजी स्पेलिंगनेच टाइप करायचे. पण नोंद, ओळ, डावी, उजवी ही व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये खरोखरच देवनागरीत चालतात. आकड्यांचं उलटं आहे: प्रोग्राममध्ये थेट लिहायचे आकडे इंग्रजीच लागतात.

नमुना फाइल

ही फाइल आधी स्वतः टाइप करून ठेवा. आकडे काल्पनिक आहेत, पण बाजारभावाच्या नोंदी याच शब्दांत लिहिल्या जातात. दर रुपये प्रति क्विंटल.

```
# नमुना नोंदी: आकडे काल्पनिक
बाजार समिती: लासलगाव
शेतमाल: कांदा
जात: उन्हाळी
आवक: १२,००० क्विंटल
किमान दर: ७००
कमाल दर: २,१५१
सर्वसाधारण दर: १,६५०
शेरा: लिलाव सकाळी ९:३० ला सुरू

बाजार समिती: पिंपळगाव बसवंत
शेतमाल: कांदा
जात: उन्हाळी
आवकः ४,००० क्विंटल
किमान दर: -
कमाल दर: १९००
सर्वसाधारण दर: १४५०
व्यापाऱ्यांची संख्या: ४२
```

अठरा ओळींची साधी फाइल आहे. तरी हाताने भरलेल्या फायलींमध्ये नेहमी दिसणाऱ्या बहुतेक अडचणी तिच्यात मुद्दाम ठेवल्या आहेत. चौदावी ओळ नीट बघून ठेवा, तिच्याकडे परत यायचं आहे.

पायरी १: फाइल उघडताना एन्कोडिंग सांगा

ओपन वापरताना एन्कोडिंग (अक्षरं बाइटांत साठवण्याची पद्धत) म्हणून ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा. विंडोजवर एन्कोडिंग सांगितलं नाही तर पायथन बऱ्याचदा संगणकाचं जुनं कोडपेज (अक्षरांचा जुना तक्ता) धरतं, आणि मराठी मजकूर तिथेच अडतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा चिन्ह तीन बाइटांचं असतं. हलन्ताचा शेवटचा बाइट विंडोज-१२५२ या कोडपेजात रिकाम्या जागेवर येतो, म्हणून पहिलं जोडाक्षर आलं की ‘चार्मॅप’ असा उल्लेख असलेली एरर येते. ही एरर घालवायला एरर्स इग्नोर करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अजिबात ऐकू नका. त्याने एरर जाते, पण तिच्याबरोबर अक्षरंही जातात.

नुसतं यूटीएफ-८ न लिहिता शेवटी ‘सिग’ कशाला? काही एडिटर फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचं एक अदृश्य चिन्ह टाकतात. ते असलं तर ‘सिग’ काढून टाकतं, नसलं तर काहीच करत नाही. चिन्ह तसंच राहिलं तर आपल्या फाइलमध्ये काय होईल बघा: पहिली ओळ हॅशने सुरू होत नाही असं पायथनला वाटेल, आणि तिच्यात कोलन असल्यामुळे ती टिप्पणी (प्रोग्रामने सोडून द्यायची ओळ) न राहता माहिती म्हणून आत शिरेल.

फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची अर्थहीन खिचडी दिसली, तर ती बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असते. तिथे एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. आधी फाँट कन्व्हर्टरने ती युनिकोडमध्ये आणा, मगच पुढे चला.

पायरी २: ओळ एकदाच तोडा

नवशिक्यांच्या हाताला पहिल्यांदा स्प्लिट लागतं. ओळीला कोलनवर स्प्लिट केलं की तुकड्यांची यादी मिळते; त्यातला पहिला तुकडा नाव आणि दुसरा माहिती, असं धरून काम सुरू होतं. सात ओळी व्यवस्थित जातात. मग शेऱ्याची ओळ येते. तिच्यात ९:३० आहे, म्हणजे कोलन दोन आणि तुकडे तीन. दुसरा तुकडा उचलला तर शेरा उरतो ‘लिलाव सकाळी ९’. एरर नाही, इशारा नाही, फक्त अर्धा तास गायब.

म्हणून पार्टिशन वापरा. ते पहिल्या कोलनवर एकदाच तोडतं आणि नेहमी तीनच तुकडे देतं: कोलनच्या आधीचा भाग, खुद्द कोलन, आणि नंतरचं सगळं.

```
डावी, खूण, उजवी = ओळ.पार्टिशन(":")
```

ओळीत कोलनच नसेल तर पूर्ण ओळ डावीकडे येते आणि बाकीचे दोन तुकडे रिकामे राहतात. म्हणजे खूण रिकामी असली की ओळ बिघडलेली आहे, हे लगेच ओळखता येतं. स्प्लिटलाही ‘एकदाच तोड’ असं सांगता येतं, पण कोलन नसलेली ओळ आली की तुकडा एकच मिळतो आणि त्यासाठी वेगळी तपासणी लिहावी लागते. मला पार्टिशनच जास्त भरवशाचं वाटतं.

पायरी ३: नोंदी वेगळ्या करा

आपल्याला हवी आहे नोंदींची लिस्ट, आणि तिच्यातली प्रत्येक नोंद म्हणजे एक डिक्शनरी. पूर्ण लूप, म्हणजे प्रत्येक ओळीसाठी तेच काम पुन्हा करणारा भाग, असा:

```
नोंदी = []
नोंद = {}
चुका = []

फॉर क्रमांक, कच्ची इन एन्युमरेट(फाइल, 1):
    ओळ = कच्ची.स्ट्रिप()
    इफ ओळ == "":
        इफ नोंद:
            नोंदी.अपेंड(नोंद)
            नोंद = {}
        कंटिन्यू
    इफ ओळ.स्टार्ट्सविथ("#"):
        कंटिन्यू
    डावी, खूण, उजवी = ओळ.पार्टिशन(":")
    डावी = नीट(डावी)
    इफ खूण == "" ऑर डावी == "":
        चुका.अपेंड((क्रमांक, ओळ))
        कंटिन्यू
    इफ डावी इन नोंद:
        चुका.अपेंड((क्रमांक, ओळ))
        कंटिन्यू
    नोंद[डावी] = उजवी.स्ट्रिप()

इफ नोंद:
    नोंदी.अपेंड(नोंद)
```

शेवटच्या दोन ओळी विसरू नका. नोंद लिस्टमध्ये जाते ती रिकामी ओळ दिसल्यावर. आपल्या फाइलच्या शेवटी रिकामी ओळ नाही. त्या दोन ओळी नसतील तर पिंपळगावची संपूर्ण नोंद वाचली जाईल आणि तशीच हवेत राहील. फाइलमध्ये शेकडो नोंदी असतील तर एक कमी आहे हे नजरेला येणंही कठीण.

रिकाम्या ओळीनंतर ‘नोंद = {}’ असं लिहून नवी डिक्शनरी घेतली आहे, तिथेही नीट लक्ष द्या. काही जण त्याऐवजी नोंद.क्लिअर() लिहितात, दिसायला दोन्ही सारखंच वाटतं. पण अपेंडने लिस्टमध्ये नोंदीची प्रत जात नाही, तीच डिक्शनरी जाते. ती रिकामी केली की लिस्टमधलीही रिकामी होते, आणि पुढच्या नोंदीची माहिती पुन्हा त्याच डिक्शनरीत भरली जाते. शेवटी सगळ्या नोंदी शेवटच्या नोंदीसारख्याच दिसतात. लिस्टमध्ये एकच नोंद परत परत दिसली तर कारण बहुधा हेच असतं.

‘इफ डावी इन नोंद’ ही तपासणी डिक्शनरीच्या स्वभावामुळे लागते. एका नावाला दुसऱ्यांदा किंमत दिली की पहिली मुकाट्याने पुसली जाते. एका नोंदीत ‘कमाल दर’ दोनदा आला, तर त्यातला खरा कोणता हे प्रोग्रामने परस्पर ठरवू नये. फाइल भरणाऱ्याला विचारा.

नीट हे फंक्शन आपल्यालाच लिहायचं आहे, ते आता बघू.

पायरी ४: डावी बाजू स्वच्छ करा

हे काम सगळ्यात नाजूक आहे. मराठी नावांच्या बाबतीत डोळ्याला एक दिसतं आणि संगणकाला दुसरंच.

सोपं आधी. ‘कमाल दर’ मध्ये चुकून दोन स्पेस पडल्या तर ते वेगळं नाव होतं. डाव्या बाजूला कंसात काहीही न देता स्प्लिट करा आणि तुकडे एका स्पेसने परत जोडा. पुढच्या-मागच्या आणि मधल्या जास्तीच्या स्पेस एकदमच निघून जातात.

आता ‘व्यापाऱ्यांची संख्या’ घ्या. यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर देतात आणि त्याला हलन्त जोडतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे नावाचं शून्य रुंदीचं अदृश्य चिन्ह देतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण पायथनच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. एका कारकुनाने भरलेल्या फाइलमधला रकाना दुसऱ्याच्या फाइलमध्ये सापडत नाही, तो यामुळेही.

युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन ‘एनएफसी’ प्रकाराने चालवा. र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे सुटे टाइप झालेले असले तर त्यांचा एक ऱ होतो. अदृश्य चिन्हाचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, तो हाताने सोडवायचा. आणि इथे क्रमाला महत्त्व आहे: आधी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवा, आणि मगच इतर ठिकाणची अदृश्य चिन्हं काढा. आधीच काढली तर ‘व्यापाऱ्यांची’ चं ‘व्यापार्यांची’ होईल, रफार वर चढेल आणि नाव पुन्हा जुळणार नाही. स्ट्रिप ही चिन्हं काढत नाही, कारण पायथन त्यांना स्पेस मानत नाही.

आता चौदावी ओळ. लूप चालवलात तर ती चुकांच्या यादीत सापडेल, जरी पडद्यावर तिच्यात काहीच चुकलेलं दिसत नसलं तरी. ‘आवक’ पुढे कोलन नाही, विसर्ग आहे. काही मराठी कीबोर्ड चालू असताना कोलनसाठी भाषा बदलावी लागते, मग दोन टिंबं दिसली की हात पुढे सरकतो. मराठीत टाइप केलेल्या फायलींत हे वारंवार होतं.

सगळे विसर्ग सरसकट कोलनमध्ये बदलावेत असा मोह होईल. तसं करू नका. ‘माल साधारणतः बरा’ या शेऱ्यातला विसर्ग खरा आहे. सुरक्षित उपाय असा की आपल्याला माहीत असलेल्या नावांची एक यादी ठेवायची: बाजार समिती, शेतमाल, जात, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर, शेरा, व्यापाऱ्यांची संख्या. ओळीत कोलन सापडला नाही तर तिला पहिल्या विसर्गावर पार्टिशन करून बघा. डावीकडे यादीतलंच नाव आलं तरच ती ओळ स्वीकारा, नाहीतर ती चूकच. स्वीकारलेल्या ओळींचीही वेगळी यादी ठेवा, म्हणजे मूळ फाइल सावकाश दुरुस्त करता येईल.

हीच यादी आणखी एका कामाला येते. कोणी ‘सर्वसाधारण दर’ ऐवजी ‘सरासरी भाव’ लिहिलं तर ते नाव यादीत नसल्यामुळे लगेच उघडं पडतं. अशी पर्यायी नावं आणि त्यांची ठरलेली नावं यांची एक छोटी डिक्शनरी करा आणि नीट फंक्शनच्या शेवटी तिच्यात बघून नाव बदला.

पायरी ५: उजव्या बाजूचे आकडे करा

आतापर्यंत नोंदीतली सगळी माहिती मजकूर आहे. त्या रूपात ७०० हा १,६५० पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. दर आणि आवक यांचे आकडे करायलाच हवेत.

इथे पायथन मराठी माणसाला मोठी सोय देतं. इंट आणि फ्लोट या दोन्ही फंक्शनना देवनागरी अंक समजतात. ‘१४५०’ हा मजकूर इंटला दिला की इंग्रजी अंकांसारखाच आकडा मिळतो; अर्धे अंक मराठी आणि अर्धे इंग्रजी असले तरी अडत नाही. सगळीकडे असं नाही. जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन अशा मजकुराला ‘हा आकडाच नाही’ म्हणतं, तर ऑक ही मजकूर हाताळायची जुनी भाषा त्याचा चक्क शून्य करते, तोही काही न सांगता. देवनागरी अंकांच्या फाइलसाठी मी पायथन सुचवतो, त्याचं मुख्य कारण हेच.

स्वल्पविराम मात्र इंटला चालत नाही. रिप्लेसने तो काढून टाका. आपल्याकडे १,२०,००० असा लिहितात की १२०,००० असा, याने मग फरक पडत नाही.

आवकेपुढे एकक आहे. ‘क्विंटल’ हा शब्द पुसून आकडा घेणं सोपं वाटतं, पण उद्या कोणी ‘४०० टन’ लिहिलं तर? टन म्हणजे दहा क्विंटल. त्यामुळे उजवी बाजू स्पेसवर पार्टिशन करा, आधी एकक वाचा. क्विंटल असेल तर आकडा तसाच, टन असेल तर दहापट, आणि तिसरंच काही असेल तर ओळ चुकांच्या यादीत.

आता किमान दरापुढची ती आडवी रेघ. तिचा अर्थ आहे ‘नोंद नाही’. तिथे शून्य भरू नका. शून्य भरलंत तर किमान दरांची सरासरी खाली येईल आणि त्या दिवशी कुणीतरी कांदा फुकट विकला असा अर्थ निघेल. पायथनमध्ये ‘काहीच नाही’ यासाठी नन आहे, ते ठेवा, आणि हिशेब करताना नन असलेल्या नोंदी वगळा.

मजकुराचं मूल्य काढायला इव्हॅल हे फंक्शन कधीही वापरू नका. दुसऱ्याने दिलेल्या फाइलमध्ये काहीही लिहिलेलं असू शकतं, आणि इव्हॅल ते आज्ञा समजून चालवतं.

पायरी ६: ताळा करा

लूप चालू असताना चार गोष्टी मोजा: रिकाम्या ओळी, टिप्पण्या, नोंदीत गेलेल्या ओळी, आणि चुका. आपल्या फाइलमध्ये विसर्गाचा उपाय जोडण्याआधी १ रिकामी, १ टिप्पणी, १५ नोंदीत आणि १ चूक अशी बेरीज १८ येते. फाइलमधल्या एकूण ओळी आणि ही बेरीज जुळली नाही तर प्रोग्राम तिथेच थांबवा. त्याशिवाय प्रत्येक नोंदीत बाजार समिती, आवक आणि सर्वसाधारण दर ही तीन नावं आहेत ना, हेही बघा. चौदावी ओळ गळालेली असेल तर ‘पिंपळगाव बसवंतच्या नोंदीत आवक नाही’ असं या तपासणीतूनही कळेल.

मग फाइलची एक प्रत घेऊन ती मुद्दाम बिघडवा. एक कोलन काढा, एक नाव दोनदा लिहा, दराच्या जागी ‘पंधराशे’ लिहा. यातली प्रत्येक खोडी चुकांच्या यादीत योग्य क्रमांकासह आली, तरच खरी फाइल हातात घ्या.

पायरी ७: हिशेब आणि साठवण

एवढं झाल्यावर हिशेब सोपा होतो. दोन्ही बाजारांच्या सर्वसाधारण दरांची साधी सरासरी १,५५० येते. पण लासलगावला तिप्पट माल आला आहे, म्हणून आवकेचा भार धरायला हवा: प्रत्येक नोंदीत आवक गुणिले दर, त्यांची बेरीज, आणि तिला एकूण आवकेने भागा. उत्तर १,६०० येतं. चौदावी ओळ हरवली असती तर हा आकडा काढताच आला नसता, किंवा एकट्या लासलगावचा दर सगळ्यांचा म्हणून पुढे गेला असता.

नोंदी साठवायला जेसन हा फॉरमॅट चांगला. डंप करताना ‘एन्शुअर आस्की’ ही सेटिंग फॉल्स ठेवा, नाहीतर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी उलट्या तिरप्या रेघेने सुरू होणारा सांकेतिक क्रमांक पडतो. संगणकाला तो वाचता येतो, माणसाला नाही. एक्सेलमध्ये न्यायचं असेल तर सीएसव्ही मॉड्यूलमधलं डिक्टरायटर वापरा. सगळ्या नोंदींत सारखीच नावं नसतात (शेरा एकीत आहे, व्यापाऱ्यांची संख्या दुसरीत), म्हणून रकान्यांची नावं पायरी ४ मधल्या यादीतून द्या. फाइल लिहितानाही एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ ठेवा. वाचताना जे अदृश्य चिन्ह आपण काढून टाकलं, तेच एक्सेलला इथे उपयोगी पडतं: ते असलं की फाइलवर डबल क्लिक केल्यावर मराठी मजकूर नीट दिसतो.